घाई नसलेले खेळ

ताई माझ्याहून मोठी. आसगावला आमची धानाची शेती. आई-बाबा बांधीत, धानाच्या शेतात, गेले की घरी आम्ही दोघं आणि एक जुना कॉम्प्युटर. आम्हाला साहसाचे खेळ आवडायचे. ओसाड बंगला, बंद पडलेलं दीपगृह, हरवलेला माणूस. माउसने एकेक खोली धुंडाळायची, कोडं सोडवायचं, पुढचं दार उघडायचं. ताई कोड्यावर विचार करत भाजी निवडायची आणि मधेच ओरडायची, "अरे, घड्याळ उलटं फिरवून पाह्य!"

मी नोकरीसाठी भंडाऱ्याला गेलो, ती घरीच राहून मुलांच्या शिकवण्या घ्यायची. मग तिच्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. आधी खडू, मग पाण्याचा गडवा. नागपूरच्या डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला. तो थांबणार नव्हता, वाढतच जाणार होता. परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. आई रडत होती. ताई आईला म्हणाली, "इथं नको रडू, लोक पाहून राहिले."

हळूहळू शिकवण्या सुटल्या. खेळ तेवढे राहिले, कारण त्या खेळांत घाई नव्हती. एका क्लिकसाठी तिला कितीही वेळ लागला तरी पडद्यावरचा माणूस तिची वाट बघत उभा राहायचा.

ती हौशी खेळाडूंच्या एका मराठी फोरमवर टोपणनावाने लिहायची. तिथे साहसाचे दोन विभाग होते, एक कोड्यांच्या खेळांचा आणि दुसरा धावाधाव-मारामारीच्या खेळांचा. एकदा फोरम चालवणाऱ्याने दोन्ही विभाग एक करायचं सुचवलं. त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. नव्या खेळांत कोडीही असतात आणि मारामारीही. एकाच खेळावर दोन ठिकाणी चर्चा होते, नवख्यांचा गोंधळ उडतो. शिवाय कोड्यांचा विभाग बराचसा ओस पडला होता.

शनिवारी मी घरी पोचलो तेव्हा ताई एका बोटाने उत्तर लिहीत बसली होती.

"कोणाले लिहून राहिली?"

"त्या फोरमवाल्याले. बस, वाच."

तिने लिहिलं होतं की गोष्ट सारखी असली म्हणून खेळ सारखा होत नाही. एका खेळात विचार करायला थांबता येतं, दुसऱ्यात थांबलं की मरण. माणूस खेळ निवडतो तो यावरून, तेव्हा विभागही यावरूनच पाडावेत.

मी म्हटलं, "ताई, तुझ्या हाताचं सांगून टाक ना. लगेच ऐकतील."

"म्हणूनच नाही सांगत. मग ते माह्या म्हणण्यावर नाही, माह्या हातावर मत देतील." तिने पुढचं अक्षर दाबलं. "अन् तूही सांगजो नको. मी नसली तरी नको सांगू."

वाद बरेच दिवस चालला. कोणी तिची थट्टा केली, कोणी लिहिलं की इतकं मनाला कशाला लावून घेता, खेळच तर आहेत. तिने शेवटी एक पाऊल मागे घेतलं. विभाग खुशाल एक करा, पण प्रत्येक खेळाच्या मथळ्याशी 'घाई आहे' किंवा 'घाई नाही' एवढं लिहा. कल्पना चांगली आहे, नंतर बघू, असं उत्तर आलं. विभाग एक झाले. ते 'नंतर' काही आलं नाही.

मग तिने ते काम आपल्याच अंगावर घेतलं. कोणी नवा खेळ मांडला की खाली तिची टिप्पणी असायची: कुठे पटकन उडी मारावी लागते, कुठे निवांत बसता येतं. पुढे माउसही तिला धरवेना. रविवारी दुपारी मी माउस धरायचो आणि ती खाटेवरून सांगायची, "डावीकडे जा. थांब. ते कपाट पाह्य." मी चुकलो की हसायची. हसताना तिला दम लागायचा, म्हणून मी चुका कमी करायला लागलो. ते तिच्या लक्षात आलं. "तू काहून इतका शहाणा झाला रे?" एवढंच म्हणाली.

धान कापणीला आलं होतं तेव्हा तिच्या छातीत कफ भरला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथेच ती गेली.

तेराव्यानंतर मी फोरमवर दोन ओळी लिहिल्या: अमुक टोपणनावाने लिहिणारी माझी बहीण वारली. आजाराचं काही लिहिलं नाही. बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. थट्टा करणाऱ्यांनीही केली. फोरम चालवणाऱ्याने मला वेगळा निरोप पाठवला. ताईंच्या आठवणीसाठी कोड्यांचा विभाग पुन्हा वेगळा करू का, असं त्याने विचारलं होतं. माणूस मनापासून बोलत होता.

मी निरोप आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"मग हो म्हण ना."

मी त्याला लिहिलं, ताईचं म्हणणं पटलं असेल तर जरूर करा. ती गेली म्हणून करू नका. त्याने समजलं म्हणून कळवलं. विभाग होता तसाच राहिला.

"काहून नाही म्हणला?" आईने विचारलं. "तिचं नाव राह्यलं असतं तिथं."

तिथे ताईचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, हे मी आईला सांगितलं नाही. मी तिच्यासमोर बसून सुपातले खडे काढू लागलो. मी बरोबर केलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा त्या विभागात एका अनोळखी मुलीने विचारलं होतं की लकव्यानंतर माझ्या बाबांचा हात नीट चालत नाही, त्यांना खेळता येईल असा घाई नसलेला खेळ कोणी सांगेल का? मी घाईने खाली पाहिलं. उत्तर कोणाचंच नव्हतं. ताई आणि मी मिळून खेळलेले खेळ मी आठवून आठवून लिहिले, तिच्या जुन्या टिप्पण्या सापडल्या तेवढ्या जोडल्या. बाकीचे तिलाच माहीत होते.