त्याला आवडतं म्हणे

बाजारातल्या सौद्यांचा, म्हणजे लिलावांचा, कारकून निवृत्त होत होता; त्याला आम्ही व्यापाऱ्यांनी फसवलं. शनिवारी तुमचा निरोपसमारंभ आहे असं सांगितलं आणि ठरवून कुणीच गेलो नाही.

सांगलीच्या बेदाणा बाजारात मूठभर माल हातात घ्यायचा, पाहायचा आणि खाली उधळायचा, ही आमची जुनी सवय. हा कारकून प्रत्येकाला अडवायचा. "उचला शेठ, शेतकऱ्याचा माल हाय." एकदा मी भडकलो, "आवं, तुमास्नी शिव्या खायला आवडतंय व्हय?" तो नुसता हसला आणि गुडघे टेकून बेदाणे वेचू लागला. त्या हसण्यावरून आम्ही ठरवून टाकलं, की याला नावडतं राहण्यातच मजा वाटते.

शनिवारी मी विसरलेल्या चाव्या आणायला बाजारात गेलो. गाळ्याकडे जाताना समारंभाच्या सभागृहात डोकावलो, तर रिकाम्या खुर्च्यांत तो इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. शेजारी बायको होती, मांडीवर कंदी पेढ्यांचा मोठा खोका. मला पाहून तो धडपडत उठला.

"या शेठ! बाकीचे येत्यात न्हवं?"

मी म्हणालो, "येत्यात की." आणि चाव्या न घेताच बाहेर पडलो.

ही थट्टा सुचवणारा माझ्याच शेजारच्या गाळ्यात बसतो. आता त्यालाच विचारतोय: अरे, "त्याला माणसं नकोच असतात," असं तूच म्हणालास ना? मग चल माझ्याबरोबर, आणि त्याच्या बायकोसमोर उभा राहून तेच पुन्हा बोल.