शांतानं न घेतलेलं नाव

भूत, मुंजा, चकवा... असलं कोणी सांगायला लागलं की मी हटकून चेष्टा करणारा माणूस. आम्ही बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली होती. तरीही हे लिहितोय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं आहे.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी मानोऱ्याला कारकून होतो, तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, सगळं अकोल्यातच. लग्न नवीन होतं. श्रावणातल्या एका रविवारी मी, बायको शांता आणि मेहुणी मंदा डबा घेऊन जवळच्या टेकडीवर गेलो. वर मिशनच्या काळातलं दगडी चर्च आणि त्याच्या मागे बरंच चाललं की सरळ कडा. खाली तळं, हिरवीगार शेतं. सगळे त्याला ‘पाईंट’ म्हणायचे. कठडा वगैरे काही नव्हता.

आता एक सांगायला हवं. शांता माझं नाव घेत नसे. तेव्हा कोणतीच बायको घेत नसे म्हणा, पण हिची कमालच! लग्नात उखाण्यातही ‘कारकूनसाहेब’ म्हणून वेळ मारून नेली. एरवी बोलवायचं तर, “अवं, आयकलं का?”

बहिणी चर्चच्या ओट्यावर डबा सोडायला बसल्या, मी पाईंट बघायला गेलो. तेवढ्यात ढग असा खाली उतरला की हाताला हात दिसेना. पोटात कावळे ओरडत होते. समोर पांढुरकं काहीतरी दिसलं... वाटलं, चर्चची भिंत. झपाझप निघालो.

“गौतम! थांब!”

शांताचा आवाज. अगदी स्पष्ट, पाठीमागून. मी जागीच थिजलो — भीतीनं नव्हे हो, धक्क्यानं! बायकोनं नाव घेतलं, तेही अरेतुरे करून! चांगलं सुनवावं म्हणून गर्रकन वळलो, तर टाचेखालचा दगड निसटला... आणि तो खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. भिंत कसली, ते दरीतलं धुकं होतं.

रांगतच मागे आलो. ढग विरला तेव्हा चर्च दिसलं, चांगलं लांब. दोघी ओट्यावरच होत्या.

“तू हाक मारली मले? नाव घेऊन?”

“मी कायले नाव घेऊ तुमचं?” शांता चिडलीच.

“भाऊजी, ताई माह्याजवळच बसून होती,” मंदा म्हणाली. “तोंडातून शब्द नाई काढला तिनं.”

मग कड्याचं सांगितलं. शांता पांढरीफटक पडली. बहिणीसमोर माझा हात धरला तो एसटीत बसेपर्यंत सोडला नाही. मी मात्र वाचलो या आनंदात दोघींच्या वाट्याच्या भाकरीही खाऊन टाकल्या होत्या.

तिथं दुसरी बाई नव्हती. वाऱ्याचा भास म्हणावं तर वारा नव्हता. मनानंच सावध केलं म्हणावं, तर मला पुढे भिंत दिसत होती, सावध कशाला होऊ? उत्तर आजही नाही. नातवंडं खेळवतोय, त्यामुळे तक्रारही नाही.

अजून कधीतरी शांताला म्हणतो, “आता तरी घे एकदा नाव.”

“रोज घेत असती,” ती म्हणते, “तं त्या दिवशी थांबले असते काय तुमी?”