टांग्यावरचा चेहरा

दादा गेल्याची बातमी अकोल्याला पोचली आणि टॉकीजचे मालक स्वतः हार घेऊन अमरावतीला आमच्या दारी आले. "लय मोठा कलावंत गेला, ताई," म्हणाले. मी हार हातात घेतला. बसा म्हटलं नाही.

अकोल्यात असताना दादा त्यांच्या टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. बडनेऱ्याला रेल्वेत असलेले सदाशिवराव दर रविवारी त्याच्याकडे यायचे. दोघं शेजारी बसून सिनेमा पाहायचे, मग घरी माझ्या हातचा झुणका खायचे. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं. घरात कुणी तसं बोललं नाही, मी आज बोलते. तेव्हाच्या सिनेमात असा पुरुष यायचा तो फक्त हसण्यापुरता... कंबर लचकवत, रुमाल उडवत. त्याची कुणी वाट पाहतंय, त्याच्यासाठी कुणी रडतंय, असं कधी दिसलंच नाही. अशाच एका सिनेमाच्या मध्यंतरात मालक दारात उभे राहून या दोघांकडे बोट दाखवत ओरडले, "पडद्यावर काय पाहून राहिले? असली जोडी तं इथं बसली हाय!" सगळं थिएटर हसलं. सदाशिवराव उठून गेले, ते पुन्हा अकोल्याला उतरले नाहीत.

पुढच्या सिनेमातही तसाच विदूषक होता. दादाने तो बोर्डावर भला मोठा काढला. नवा बोर्ड टांग्याच्या मागे बांधून गावभर फिरवायची पद्धत होती. पुढे भोंगा घेऊन मालक स्वतः बसायचे आणि बोर्डाकडे पाहायचेसुद्धा नाहीत. त्या दिवशी बाजारपेठ पोट धरून हसली. सिनेमा चालणार म्हणून मालक खूश, आणखी जोरात ओरडू लागले. मागे बोर्डावर कंबर लचकवणाऱ्या विदूषकाला त्यांचाच चेहरा होता, मिशीसकट.

"काहून केलं असं, दादा?" मी विचारलं.

"लोक हसले का कसं लागते, ते त्याले बी समजू दे."

काम गेलं. मालकांनी काढून टाकलेला तो बोर्ड घेऊन आम्ही अमरावतीला आलो आणि दादा दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. रविवारी मात्र दाढी करून दाराशी बसायचा. बडनेरा आता जवळच होतं... कुणी आलं नाही. याबद्दल मी मालकांना कधीच माफ करणार नाही.

म्हणून हार देऊन मालक निघाले तेव्हा मीच थांबवलं. "मालक, दादाची खोली तं पाहून जा." तो बोर्ड तिथं भिंतीला टेकून होता. मालकांनी स्वतःला लगेच ओळखलं. मी त्यांच्यादेखत, त्यांनीच आणलेला हार, त्या चेहऱ्याला घातला.

फुलं केव्हाच वाळली. हार मी अजून काढलेला नाही.