व्हर्ना टोलफसनचा गोठ्याचा आराखडा

व्हर्नाच्या नवऱ्याला, ऑरिनला, पक्षाघाताचा झटका आला तेव्हा विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या गोठ्यात चाळीस दुभत्या गाई होत्या. व्हर्नानं आयुष्यभर धारा काढल्या, वासरं वाढवली; पण दूध कुठे घालायचं, मका कधी विकायचा, हे सगळं नवऱ्याच्या डोक्यात. आता त्याला एकेक शब्द काढताना घाम फुटायचा. मग चोपन्नाव्या वर्षी व्हर्नानं जवळच्या टेक्निकल कॉलेजात शेती-व्यवसायाच्या दोन वर्षांच्या पदवीसाठी नाव घातलं.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तशी शिकवणाऱ्या बाई आल्या असं वाटून पोरं ताठ बसली. ती सरळ मागच्या बाकाकडे निघाली.

"बाई, तिकडे कुठे? फळा इकडे आहे," एकजण म्हणाला.

"मलाही तो बघायचाच आहे. जरा सरक," व्हर्ना म्हणाली. तेव्हापासून तिची जागा ठरून गेली.

संध्याकाळी धारा आटोपल्या की ती स्वयंपाकघरात मोठ्यानं धडा वाचायची. ऑरिन टेबलाशी बसून ऐकायचा. पुस्तकातलं पटलं नाही की नाकानं फुर्र करायचा. तीही मग त्याच्याशी हुज्जत घालायची, तो फुर्र करून उत्तर द्यायचा. इतकं बोलणं त्यांचं लग्नानंतर कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एका शेताच्या व्यवसायाचा आराखडा करायचा होता. "दुसऱ्याचं शेत कशाला? तुझंच घे ना," शिकवणाऱ्या केसलरबाई म्हणाल्या. व्हर्नानं घेतलं. पण कसंही मांडलं तरी दुधात तोटाच दिसे आणि उत्तर एकच येई: दुभत्या गाई विकाव्यात आणि मोठ्या डेअऱ्यांची वासरं पैसे घेऊन सांभाळावीत. त्या गाईंचा वंश ऑरिनच्या वडिलांनी जोपासलेला. त्याला हे सांगायचं कुठल्या तोंडानं? ती रोज भलताच धडा वाचू लागली.

शेवटी ऑरिननंच पुस्तक मिटलं. "आ... आपलं. वाच."

तिनं आराखडा वाचला. तो उठला आणि काठी टेकत गोठ्याकडे गेला.

थोड्या वेळानं ती मागोमाग गेली. तो एका म्हाताऱ्या गाईला टेकून उभा होता.

"रागावलास?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग बराच वेळ शब्द गोळा करत राहिला. "मला... माहीत होतं. आजाराच्या... आधी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू... सगळ्या गाईंना... नावं ठेवलीस. पाळण्यातली."

व्हर्नाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ती त्याला दुखवायला घाबरत होती, तो तिला. दोघं चाऱ्याच्या गासडीवर बसली. तिनं त्याचा लुळा हात मांडीवर घेतला आणि गाईंचं रवंथ चालू राहिलं.

वसंतात गाई विकल्या. ती म्हातारी तेवढी राहिली. आराखड्याच्या हिशेबात ती बसत नव्हती, तरी व्हर्नानं तिला लिहून टाकलं; केसलरबाईंनी तिथे लाल शाईनं खूण केली, पण गुण कापले नाहीत. मग वासरं आली. चालत्या हातानं बाटली धरून ऑरिन त्यांना दूध पाजू लागला. वासरं ढुशा द्यायची आणि तो त्यांना अडखळत शिव्या घालायचा. डॉक्टर म्हणाले, जिभेला चांगला व्यायाम आहे.

पदवीदानाला व्हर्नाचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं शिट्ट्या मारत होती. ऑरिनला शिट्टी जमेना. तो उभा राहिला आणि सगळं सभागृह वळून बघेपर्यंत काठी जमिनीवर आपटत राहिला.