पाहुण्यासाठी भरलेली विहीर

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. पारनेर तालुक्यातल्या एका सामाईक विहिरीच्या कठड्यावर मी, विहिरीच्या चार भागीदारांपैकी थोरले काका आणि नेदरलँड्सहून आलेला आमच्या प्रकल्पाचा तपासनीस असे तिघे उभे होतो. त्याने स्वतःची टेप सोडली. कठड्यापासून पाण्यापर्यंत ४.३० मीटर. मी माझी टेप सोडली. तेच.

आदल्या मंगळवारी, याच वेळेला, मी ८.६० नोंदवले होते.

भूजलाच्या या अभ्यासात तीन देश होते आणि नियम सर्वांना एकच होता: तपासनिसाचे मोजमाप आणि केंद्राची नेहमीची नोंद यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर त्या केंद्राच्या सर्व नोंदी संयुक्त निबंधातून वगळायच्या. ही विहीर म्हणजे माझे केंद्र, आणि माझ्या नोंदी वर्षभराच्या होत्या. परदेशातील पीएच.डी.चा माझा अर्ज त्या निबंधावरच उभा होता.

"टेप तर बरोबर आहे," तो इंग्रजीत, अत्यंत सौजन्याने म्हणाला. "म्हणजे चूक वाचणाऱ्याची असावी."

आठवड्यात पाणी चार मीटर वर येण्याजोगे काहीच घडले नव्हते. त्याची गाडी नगरच्या दिशेला लागल्यावर काकांनी चहा पुढे केला.

"कसं काय, ताई? खूश झाला ना पाव्हना? दोन दिस एक बी मोटार चालू केली न्हाई आमी. कांद्याची पाळी चुकवली, पन हीर भरून दावली."

"काका, कुणी सांगितलं होतं बंद ठेवायला?"

"सांगायला कशाला लागतं? साता समुद्रापलीकडनं मानूस येतोय. त्याला काय तळ दाखवायचा? पान्यासाठी नाव हाय गावाचं."

पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावे, तितक्या सहजतेने त्यांनी विहीर भरू दिली होती. मी नोंदी घेत होते त्या वापरातल्या विहिरीच्या, आणि प्रकल्पाचा सगळा प्रश्न त्या वापराचाच होता. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले की, या भरलेल्या विहिरीमुळे माझे वर्ष वाया जाईल. संध्याकाळी प्रकल्पातल्या सर्वांची ऑनलाइन बैठक होती; तीत त्यांनी घडले ते एका वाक्यात सांगावे.

"म्हंजे पाव्हन्याला फसवलं म्हनू? तेबी मोबाईलवर, साऱ्या जगाफुडं?"

"फसवलं नका म्हणू. मोटारी बंद होत्या, एवढंच म्हणा."

"येकच झालं की! तुमी शिकल्यासवरल्या, तुमीच सांगा काय ते."

बैठकीत मीच सांगितले. पलीकडून प्रश्न आला: मोटारी बंद होत्या याचा पुरावा? मी म्हटले, पुढच्या मंगळवारी मोटारी नेहमीप्रमाणे चालवून, व्हिडिओवर सर्वांसमोर पुन्हा मोजते. तपासनीस म्हणाला, कल्पना चांगली आहे. मात्र तपासणी प्रत्यक्षच व्हावी लागते, आणि पुढची भेट निबंध पाठवल्यानंतर आहे. त्याने माझ्या केंद्रासमोर 'वगळले' असा शेरा टाकला आणि सहकार्याबद्दल आभार मानले.

मला संताप नेमका कुणाचा आला, याचे पृथक्करण मी अनेकदा केले आहे. काकांनी आपल्या कांद्याची झळ सोसून आदरातिथ्य केले. तपासनिसाने नियम पाळला. दोघेही आपापल्या जागी निर्दोष असणे, हीच मला सर्वांत असह्य गोष्ट वाटली. तीन देशांमधले सहकार्य माझ्या कठड्यापर्यंत येऊन पोहोचले होते, पण त्यात मी काय म्हणते याला रकाना नव्हता.

पुढच्या मंगळवारी सात वाजता मी विहिरीवर गेले. आदल्या दिवशी दिवसभर चारही मोटारी चालल्या होत्या. तहानलेल्या कांद्याने बरेच पाणी ओढले होते. काका लांबूनच म्हणाले, "आता कुनासाठी मोजताय, ताई?"

मी टेप सोडली. तपासनिसाचा रकाना रिकामा ठेवला आणि आकडा लिहिला: ८.९५ मीटर.