वरच्यानं गप्प बसायचं न्हाई

तळहात उताणा करायचा, मान जराशी तिरपी करायची आणि म्हणायचं, "कळलं न्हाई." गणिताच्या मास्तरांना असं म्हणताना तुम्ही कधी पाहिलंय? आमच्या तीर्थपुरीच्या शाळेतले सर रोज म्हणत, तेही भर वर्गात, पोरांसमोर.

मुंबईत कॉम्प्युटरवर काम करणारा हा माणूस वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी आला, शाळेत मास्तर झाला आणि इथलाच झाला. सत्तरचं दशक सरत आलं होतं. परदेशातल्या एका मित्रानं त्यांना कॉम्प्युटरच्या नव्या भाषेची माहिती कळवली आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. त्या भाषेत म्हणे प्रत्येक प्रकार आपले गुण वरच्या प्रकाराकडून घेतो, आणि सगळ्यांच्या वर एकच प्रकार असतो, 'वस्तू'.

"सर, इथं दिव्याला वीज टिकत न्हाई अन् तुम्ही लेकरायला काय शिकवून राह्यले?" त्याच शाळेत शिकवणारा मी चिडवायचो.

यंत्र नव्हतं म्हणून त्यांनी वर्गालाच कामाला लावलं. पहिल्या बाकावरची मुलगी बैल. तिच्या मागचा मुलगा जनावर, म्हणजे बैलाच्या वरचा. शेवटच्या बाकावर, सगळ्यांच्या वर, स्वतः सर, म्हणजे वस्तू.

"बैला, तुला चहात साखर किती लागती?"

बैलाला सांगता येईना, त्यानं मागं विचारलं. जनावरालाही येईना. प्रश्न सरांपर्यंत पोचला. त्यांनी तळहात उताणा केला. "कळलं न्हाई." वर्ग खो खो हसला.

"हसा, हसा. पण उत्तर आलं का न्हाई? सगळ्यात वर जो बसला, त्याच्या वर कुणी नसतं. त्यानं गप्प बसायचं न्हाई. येत नसंल तर येत न्हाई म्हणायचं."

गावातही तेच. कुणी विहिरीला पाणी लागेल का म्हणून विचारी, कुणी लेकीचं सासर कसं निघेल म्हणून. सरांचा तळहात उताणा. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, वैतागायच्या, "दुसऱ्यायचे मालक खोटा का व्हईना, धीर तरी देतेत. आमचं आपलं, कळलं न्हाई!"

मग सरांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज गेला, दुखणं मात्र गेलं नाही. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो. वहिनी उशाशी बसल्या होत्या. माझ्यादेखतच त्यांनी विचारलं, "तुमच्या मागं मी कसं करू? कुणाला विचारू?"

सरांचं तोंड हललं, शब्द निघाला नाही. मला तिथं बसवेना. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात गोधडीखालून त्यांचा हात बाहेर आला. मोठ्या कष्टानं त्यांनी तळहात उताणा केला.

वहिनींनी तो दोन्ही हातांत धरला. "असू द्या," त्या रडत रडत म्हणाल्या. "सांगितलं तुम्ही. गप्प न्हाई बसले."

पुढं तो वर्ग माझ्याकडं आला. प्रश्न अडला की पोरं सवयीनं शेवटच्या बाकाकडं वळून बघायची. मीही बघायचो.