नऊ दिवसांत आटपलेली पाहणी

सल्लागाराने आम्हाला फसवलं. आम्ही म्हणजे मी, माझी मोठी बहीण आणि रायपूरच्या बाहेरच्या अंगाला रसायनांचे रिकामे ड्रम धुणाऱ्या बायका. असं काम करणारं इथे कोणी नाही, असं त्याने सरकारी कागदावर लिहून दिलं.

माझा धंदा जुन्या ड्रमांचा. कारखान्यांतून ते उचलायचे, धुवायचे, ठोकून सरळ करायचे, रंग मारून विकायचे. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले, वर्कशॉपमधले खलाशी म्हणूनच निवृत्त झाले. मी दहावीनंतर सायकल रिक्षावर दोन-दोन ड्रम बांधून फिरलो. धुण्याचं काम पहिल्या दिवसापासून ताईचं. ड्रममध्ये गरम पाणी, सोडा आणि साखळी टाकायची, झाकण लावायचं आणि तो अंगणभर लोळवायचा. आज मी शहरातल्या चौबे कॉलनीत राहतो, ताई अजून जुन्या पाऱ्यातच; इकडे वस्तीला पारा म्हणतात. तिच्या हाताखाली अकरा बायका आहेत. धुतलेले ड्रम अभनपूरच्या बाजारात जातात. शेतकरी त्यात पाणी साठवतात, काही जण धानही भरतात. ड्रम नीट धुतला गेला नाही तर काय होईल, याचा विचार इतकी वर्षं ताईने एकटीने केला.

केंद्राने घातक रसायनांच्या हाताळणीचा राष्ट्रीय प्रकल्प आखायला घेतला. प्रकल्पाआधी आराखडा लागतो आणि आराखड्याला सल्लागार. आमच्या राज्याचा भाग लिहिणारा सल्लागार निवडायला समिती बसली, तिच्यात व्यापाऱ्यांच्या संघटनेने मला पाठवलं. कारण एकच, घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. आराखड्यात ज्यांचं काम नोंदलं जाईल त्यांना धुण्याची बंदिस्त शेड, सांडपाण्याची टाकी, हातमोजे, दरवर्षी तब्येतीची तपासणी मिळणार होती. जे सुटतील ते प्रकल्प संपेपर्यंत सुटले. हे मला पहिल्याच बैठकीत कळलं होतं. मी मनात शेड बांधूनही टाकली.

दिल्लीहून आलेल्या सल्लागाराने प्रत्यक्ष फिरून पाहणी करायला चोवीस दिवस मागितले होते. त्या दिवसांवरच त्याची फी ठरणार होती.

“चौबीस दिन?” मी म्हणालो. “साहब, रायपुर देखोगे कि पैदल जगदलपुर जाओगे?”

समितीच्या अध्यक्ष बाई पर्यावरण खात्यातल्या अधिकारी. त्यांनी फाइलमागे हसू लपवलं.

“भाईसाहब, घूमना पड़ता है.”

“घूमने के लिए हम हैं. आप लिखो.”

मी सहापासून सुरुवात केली. तो अठरावर आला, मग चौदावर. मी पाणी प्यायलो, घड्याळ बघितलं, उठायचं नाटक केलं. त्याने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, “ठीक है, नौ.”

इतक्या पटकन खाली आलेल्या माणसाचा माल मी एरवी उलटा करून बघतो. त्या दिवशी बाकीचे माझी पाठ थोपटत होते, त्यामुळे बघितला नाही.

संध्याकाळी ताईला सांगितलं, “पंधरा दिवस कापले.”

“त्या पंधरा दिवसांत तो काय करणार होता, हे इचारलं काय?”

“तुले काय समजते त्यातलं!”

ती उठून ड्रमाकडे गेली. तिच्या अशा उठून जाण्याचा मला आयुष्यभर राग येत आला आहे.

तीन महिन्यांनी मसुदा आला. माझं इंग्रजी बोट ठेवून वाचण्याइतपत. ताईच्या अंगणात खाटेवर बसून मी एकेक ओळ तिला सांगत होतो. रायपूर परिसरातले वापरलेले ड्रम परवाना असलेल्या केंद्रांकडे परत जातात, वस्त्यांमध्ये ड्रम धुण्याचं काम आढळलं नाही. खाली पाहणी केलेल्या ठिकाणांची यादी होती. तिच्यात आमचा पारा होता, आणि शेवटी सल्लागाराची सही.

ताईने ओला हात पदराला पुसला. “म्हणजे मी हाओच नाही?”

मी तिथूनच सल्लागाराला फोन लावला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांत होता.

“नौ दिन में मैंने कारखाने देखे, भाईसाहब. बाकी फॉर्म से भरा. दिन तो आपने ही काटे थे.”

“और यह जो लिखा है कि हमारे पारे में आए थे?”

“टेम्पलेट में होगा. टीम ने भरा होगा.”

मी फोन ठेवला. दिवस मीच कापले होते, ते खरं. पण घासाघिशीचाही एक धर्म असतो. गिऱ्हाईक भाव फार पाडायला लागलं की मी तोंडावर सांगतो, या भावात झाकण मिळणार नाही. मग त्याने घ्यावं किंवा जावं. नऊ दिवसांत वस्त्या होणार नाहीत, एवढंच त्याने बोलायचं होतं. मी भांडलो असतो, पण ऐकलं असतं. तो गप्प राहिला, आणि न केलेलं काम केलं म्हणून लिहिलं.

“वरडून काय होऊन राहिलं, बाबू?” ताई म्हणाली. “बोलाव त्याले. एक दिवस बसू दे इथं.”

मसुद्यावर हरकती द्यायला पंधरा दिवस होते. मी लेखी हरकत दिली आणि अध्यक्ष बाईंच्या टेबलासमोर बसून राहिलो. त्यांनी सल्लागाराला फोन केला. तो आला. करारात नसलेला दिवस देऊन आला, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

ताईने त्याला आधी नाकाला बांधायला गमछा दिला.

“दीदी, इसमें क्या था?” एका निळ्या ड्रमकडे बोट दाखवून त्याने विचारलं. त्यावरचं लेबल फाटलेलं होतं.

“फोमच्या कारखान्यातला. याले पाणी नाही लावायचं. पाणी लागलं का फुगते, झाकण उडते.”

“आपको कैसे पता?”

ताईने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची जुनी, चकाकणारी कातडी त्याला दाखवली. “एकदा लावलं होतं.”

मग तिने रांगेतला एकेक ड्रम सांगितला. कोणता कुठल्या कारखान्यातून येतो, कशाचं पाणी कोणत्या रंगाचं निघतं, कोणता धुवायचाच नाही आणि कोणता अभनपूरला कधीच पाठवायचा नाही. बायका मधून मधून तिला दुरुस्त करत होत्या. एक म्हणाली, “साहब, जल्दी लिखो, अभी तो आधा भी नहीं हुआ.” सगळ्या हसल्या. तोही हसला. दुपारी जेवायलाही तो उठला नाही. वही संपली तेव्हा त्याने माझ्याकडून बिलबुक मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत राहिला.

जाताना म्हणाला, “भाईसाहब, चौबीस भी कम थे.”

सुधारलेल्या मसुद्यावरच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, हे सगळं परिशिष्टात टाकू. मी खुर्ची मागे सरकवणार, तेवढ्यात सल्लागारच बोलला, मुख्य प्रकरणातच येईल, नाहीतर शेडला मंजुरी मिळणार नाही. आता ते तिसऱ्या प्रकरणात आहे. आकडा आहे, जागा आहे, कोणता ड्रम धुवायचा नाही याची ताईने सांगितलेली यादी आहे. अंतिम मंजुरी बाकी आहे, पण ताईने शेडची भांडणं आधीच सुरू केली आहेत. तिला दोन नळ हवेत आणि कपडे बदलायला दाराची खोली हवी. पडदा चालणार नाही म्हणते.

हे सगळं झालं म्हणून मी विसरणार नाही. पंधरा दिवस मी कापले, त्याचं उत्तर माझं, आणि ते मी बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या तोंडून लिहून घ्यायला लावलं आहे. पण पाऱ्यात पाऊल न टाकता पाहणी झाली, तिथे कोणी आढळलं नाही, हे कोणी लिहिलं? ते वाचून खाली सही कोणी केली? आम्ही हरकत दिली नसती तर त्या एका ओळीने अकरा बायका आणि माझी बहीण नाहीशा झाल्या असत्या. टेम्पलेट सही करत नाही. टीम हे कोणा एकाचं नाव नव्हे. पुढच्या बैठकीला ताई येणार आहे. ज्याने ती सही केली त्याने तिच्यासमोर उभं राहावं आणि उत्तर द्यावं.